मदत हवी आहे: बजेटमध्ये पुलाचं नाव आहे, तरी "निधी नाही" म्हणतात

रानवाट:
विनियोजन विधेयक मार्चमध्येच मंजूर झालं. पुस्तकात आमच्या पुलाचं नाव मी स्वतः पाहिलंय. तरी कार्यालयात एकच उत्तर, "निधी नाही." विधानसभेनं मंजूर केलेला पैसा जातो कुठे? लवकर सांगा, पावसाळा तोंडावर आलाय.

लेखाशीर्ष:
हेड, म्हणजे बजेटमधला खर्चाचा क्रमांक, कुठलं? 3054 (रस्ते-पुलांचा महसुली खर्च) की 5054 (भांडवली, म्हणजे बांधकामाचा)? राज्यस्तरीय काम की जिल्हा नियोजनातलं? प्रशासकीय मान्यता झाली का?

ठणठणीत:
माहिती अधिकारात अर्ज टाका. आमच्या शाळाखोल्यांचं काम त्यानंच हललं. 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

लेखाशीर्ष:
@ठणठणीत, अर्जानं कागद मिळेल, पैसा नाही. विनियोजन कायदा म्हणजे एकत्रित निधीतून, म्हणजे राज्याच्या तिजोरीतून, ठरावीक रकमेपर्यंत खर्च करायची परवानगी. पुढे वित्त विभाग टप्प्याटप्प्यानं निधी सोडतो, तो बीम्सवर (निधीवाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) येतो, तेव्हा कुठे कोषागारात बिल लागतं.

सुमती_क:
विधान परिषद हे विधेयक अडवू शकत नाही. ते धन विधेयक असतं, परिषदेला 14 दिवसांत परत पाठवावं लागतं. शिफारशी घ्यायच्या की नाही ते विधानसभा ठरवते.

रानवाट:
परिषदेचं कोणी विचारलंय? हेड 5054, काम राज्यस्तरीय, मान्यता आहे.

जुना_लेखापाल:
कर्जावरचं व्याज आधी जातं. तो भारित खर्च, त्यावर मतदानच होत नाही. मग पगार, पेन्शन. कात्री लागते ती भांडवली कामांना. आधी कर्ज आवरा म्हणावं!

लेखाशीर्ष:
कर्जासाठी वेगळा धागा काढा हो. @रानवाट, पुलापुढे तरतूद किती?

रानवाट:
नुसता 1 छापलाय. एक कोटीच असणार ना?

लेखाशीर्ष:
तक्त्यावर "रुपये हजारांत" छापलंय?

रानवाट:
हो.

लेखाशीर्ष:
मग ते 1,000 रुपये. टोकन तरतूद आहे ही. काम यादीत आलं, पैसा आला नाही. आता एक तर त्याच मागणीतल्या (बजेटमधल्या खर्चाच्या त्याच गटातल्या) दुसऱ्या कामाची बचत पुनर्विनियोजनानं इकडे वळवायची, नाहीतर पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागणी, म्हणजे वर्षाच्या मध्येच जादा तरतूद. आमदारांकडे गेलात तर "पूल मंजूर करा" म्हणू नका, तो मंजूरच आहे. तरतूद वाढवून मागा.

जुना_लेखापाल:
आणि निविदेची कागदपत्रं आत्ताच तयार ठेवायला लावा. पुरवणीत मिळालेला पैसाही 31 मार्चला व्यपगत होतो, म्हणजे खर्च झाला नाही तर हातचा जातो.

ठणठणीत:
तरी अर्ज कराच. त्या मागणीत कुठल्या कामांचा निधी पडून आहे ते विचारा, बचत तिथेच सापडेल.

लेखाशीर्ष:
हे मात्र पटलं.

रानवाट:
हजाराचं कोणीच बोललं नव्हतं. पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव कार्यकारी अभियंत्याकडून वर जातो का?