टीव्हीला प्लेअर कोणता घ्यावा? जळगावच्या आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

जिभाऊ, बी-२०४: सगळ्यांना नमस्कार. श्रावणात आमच्याकडे कानबाई, आपली खान्देशची देवी, बसते, यंदा सगळी भाऊकी येणार आहे. २००५ मध्ये बहिणीचं लग्न झालं, त्याच्या सीड्या आहेत. त्यात आईनं म्हटलेली गाणी आहेत. आई जाऊन सहा वर्षं झाली. ते सगळं मोठ्या टीव्हीवर लावायचंय. पेनड्राइव्हमध्ये भरून लावलं, तर निम्म्या फायली दिसतच नाहीत. एकीत आवाज येतो, चित्र नाही. दुसरीत चित्र आहे, आवाज नाही. दुकानदार म्हणतो टीव्हीला जोडायचा साडेतीन हजारांचा अँड्रॉइड बॉक्स घ्या, सगळं चालेल. घेऊ का?

आप्पा, सी-१०१: घेऊन टाका. आमच्याकडे तसाच आहे, यूट्यूब एकदम छान चालतं.

ताई, ए-४०३: जिभाऊ, आज घेऊ नका. यूट्यूब चालणं वेगळं आणि घरच्या फायली चालणं वेगळं. यूट्यूब तुमच्या बॉक्सला झेपेल असंच रूप पाठवतं, तुमच्या फायली मात्र वीस वर्षांत पाच तऱ्हांनी तयार झाल्यात. आधी त्यांच्या नावांची शेवटची अक्षरं पाठवा.

जिभाऊ, बी-२०४: लग्नाच्या सीडीतल्या डीएटी. मुलाच्या बारशाच्या डीव्हीडीतल्या व्हीओबी. छोट्या कॅसेटच्या कॅमेऱ्यावरून उतरवलेल्या एव्हीआय. आणि भाच्याच्या आयफोनमधल्या एमओव्ही.

ताई, ए-४०३: आता कळलं. एमकेव्ही, एमपी४, एव्हीआय, एमओव्ही हे नुसते डबे असतात. वरचं झाकण पाहून आत भरीत आहे की शेवभाजी ते कळत नाही. आत चित्र कुठल्या पद्धतीनं दाबून भरलंय आणि आवाज कुठल्या, त्यावर चालणं न चालणं ठरतं. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात.

डीएटी म्हणजे व्हीसीडी, व्हिडिओची सीडी. आत एमपेग-१ आहे, चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. एका सीडीत साधारण ७४ मिनिटंच मावायची, म्हणून तेव्हाचं एक लग्न तीन सीड्यांवर जायचं. टीव्हीला हा प्रकार अवघड नसतो, पण ‘डीएटी’ हे शेपूट ओळखीचं नाही म्हणून तो फाइल दाखवतच नाही.

व्हीओबी म्हणजे डीव्हीडी. एमपेग-२, ७२० बाय ५७६. त्यात आवाज बहुतेक वेळा डॉल्बी नावाच्या कोडेकनं भरलेला असतो. टीव्हीत डॉल्बी उलगडायची सोय नसेल तर चित्र पळतं आणि आवाज येत नाही. ही तुमची मुकी फाइल.

एव्हीआय आली मिनीडीव्ही कॅसेटवरून. तासाला सुमारे १३ जीबी! आवाज साधा असतो म्हणून ऐकू येतो, पण डीव्ही चित्र बहुतेक टीव्हींना येत नाही.

आयफोनच्या फायली बहुधा एच.२६५ या कोडेकमध्ये असतील. ती पद्धत २०१३ ची. त्याआधीच्या टीव्हीला ती कळणार नाही.

जिभाऊ, बी-२०४: ताई, म्हणजे टीव्ही बिघडलेला नाही?

ताई, ए-४०३: अजिबात नाही. तुमचा टीव्ही अँड्रॉइडवाला आहे ना? प्ले स्टोअरमधून व्हीएलसी हे प्लेअरचं ॲप घ्या. पैसे नाहीत, जाहिराती नाहीत. १९९६ मध्ये पॅरिसच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी सुरू केलेला प्रकल्प आहे, आज एक ना-नफा संस्था तो चालवते. व्हीएलसी स्वतःचे कोडेक बरोबर घेऊन येतो, टीव्हीत काय आहे याची वाट बघत नाही. मी आमच्या सासऱ्यांच्या सगळ्या फायली त्यातच बघते. आधी हे करून बघा, एक रुपया खर्च नाही.

सचिव: सभागृहातल्या प्रोजेक्टरसाठी पण हेच चालेल का?

ताई, ए-४०३: तिथे लॅपटॉप आणि एचडीएमआय केबल पुरे. लॅपटॉपवर व्हीएलसी उघडून कंट्रोल आणि जे दाबलं की फाइलीतले कोडेक लिहून येतात. बॉक्स घेण्याआधी प्रत्येकानं हे एकदा बघावं.

जिभाऊ, बी-२०४ (दुसऱ्या दिवशी): ताई, डीएटी चालली! व्हीओबीला आवाज आला. एव्हीआयला चित्र आलं. आयफोनची मात्र अडखळते, चित्र मागे आणि आवाज पुढे.

ताई, ए-४०३: ती ४के, म्हणजे खूप जास्त ठिपक्यांची असणार. जुन्या फायली छोट्या, टीव्हीचा प्रोसेसर त्या नुसत्या हिशोबानं उलगडतो. ४के एच.२६५ ला चिपमध्येच तशी सोय लागते. म्हणजे बॉक्स लागलाच तर फक्त एवढ्यासाठी लागेल. घेताना तीनच गोष्टी विचारा: एच.२६५ चं १०-बिट हार्डवेअर डिकोडिंग (म्हणजे तीच चिपमधली सोय), यूएसबी ३.० पोर्ट आणि नेटवर्क केबलची जागा. बॉक्सऐवजी टीव्हीत खोचायची स्टिक मिळते, तिला बहुतेक वेळा नुसती वीज घेण्याची पिन असते, डिस्क लावायची कुठे हा प्रश्न उभा राहतो.

आणि नाव नसलेला बॉक्स घेऊ नका, ही हात जोडून विनंती. २०२३ मध्ये तसल्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्ये कारखान्यातूनच व्हायरस भरून आल्याचं उघड झालं, त्याला बॅडबॉक्स म्हणतात. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनंही इशारा दिला. तो बॉक्स आपल्या वायफायवर बसतो आणि त्याच वायफायवर आपलं बँकेचं ॲप चालतं. बॉक्सवर गूगलच्या प्ले प्रोटेक्टचं प्रमाणपत्र आहे का ते आधी बघा.

डी-३०२ मधला दादा: ताई, व्हीएलसीऐवजी कोडी हा प्लेअर का नको? पोस्टर, यादी, सगळं दिसतं.

ताई, ए-४०३: कोडी उत्तम आहे रे. २०१४ पर्यंत त्याचं नाव एक्सबीएमसी होतं, जुन्या एक्सबॉक्सवर सुरू झालेला. पण पोस्टर तो इंटरनेटवरून आणतो, आणि आपल्या बारशाचं पोस्टर तिथे कुठून येणार? घरच्या व्हिडिओंना ‘२००५ लग्न’, ‘२००९ बारसं’ असे फोल्डर केले की व्हीएलसीत काम भागतं. एका गोष्टीसाठी मात्र कोडी ठेव: डीव्हीडीच्या चित्रात माणूस हलला की कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात, त्या घालवायला त्यात डीइंटरलेसचा पर्याय आहे. आणि टीव्हीचं चित्र ४:३ वर करायचं, नाहीतर सगळ्यांचे चेहरे आडवे फुगतात. आई पडद्यावर आईसारखी दिसली पाहिजे.

आप्पा, सी-१०१: एवढी कटकट कशाला, सगळं एमपी४ करून टाका आणि जुन्या फायली उडवा.

ताई, ए-४०३: आप्पा, उडवू नका! एमपी४ ची प्रत जरूर करा, एच.२६४ या कोडेकमध्ये केली तर जवळपास कुठल्याही टीव्हीवर चालेल. पण दर वेळी रूपांतर करताना थोडं चित्र जातं आणि ते परत येत नाही. व्हीसीडीचं चित्र आधीच इतकं तोकडं आहे की त्यातून जाऊ द्यायला काही उरलेलं नाही. मूळ फायली डिस्कवर ठेवा, दुसरी प्रत दुसऱ्या घरात.

पेनड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीच्या पुढची फाइल त्यावर जाणार नाही, एक्सएफएटी करून घ्या. पण फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसतं, आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि डिस्क टीव्हीमागे लावून ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, टीव्हीमागची हवा त्याहून तापते. लाइट गेली तेव्हा कॉपी चालू असेल तर फाइल अर्धी राहते.

आजी, ए-१०२: मायना आवाज आयकाले मी बी येसू.

जिभाऊ, बी-२०४: या आजी, नक्की या. ताई, मुलांना अहिराणी गाणी कळत नाहीत. खाली अर्थ लिहिता येईल का?

ताई, ए-४०३: येईल. नोटपॅडमध्ये वेळ आणि ओळ लिहून एसआरटी हे सबटायटलचं शेपूट लावून साठवा, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर अक्षरं बिघडतील. फायलीचं नाव व्हिडिओच्या नावासारखंच ठेवा, व्हीएलसी आपोआप उचलतो. शब्द अडले तर ए-१०२ च्या आजींना विचारा, त्यांना ती गाणी येत असणार.

जिभाऊ, बी-२०४: एकच राहिलं. तिसरी सीडी कॉपीच होत नाही, मध्येच थांबते. आई जागरणाला गाते ती त्यातच आहे.

ताई, ए-४०३: व्हीसीडीत चित्राच्या भागाला डेटा सीडीसारखी जादा दुरुस्तीची सोय नसते, जागा वाचवायला ती काढलेली असते. म्हणून ओरखडा लगेच बाधतो. मऊ कापडानं मधून कडेकडे पुसा, गोल फिरवू नका. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, कधी कधी एक वाचतो, दुसरा वाचत नाही. फोटोग्राफरनं तेव्हा किती संच दिले होते?

जिभाऊ, बी-२०४: दोन! एक बहिणीकडे गेला, ती सुरतला असते. आत्ताच फोन लावला. तिच्याकडे तिसरी सीडी आहे, कव्हरमध्ये, कधी उघडलीच नाही म्हणे. भाचा रविवारी भुसावळच्या गाडीनं घेऊन येतोय.

ताई, ए-४०३: त्याला सांगा निघण्याआधी तिथेच लॅपटॉपवर उतरवून घे, आणि सीडी पिशवीत नको, हातातल्या डब्यात आण.