मुस्तफाची जुनी मशीन: आधी चौकोन, आता मधोमध एकच पांढरी रेघ. पार्ट कुठे मिळतील?

बोरीकाठचा (अमळनेर)

राम राम मंडळी. टीव्ही आणि बोर्डाचं काम जाणणारे इथे बरेच आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आमच्या नानांचं, म्हणजे वडिलांचं, स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं, १९९५ ते २००६. चार मशिनी होत्या. तीन भंगारवाल्यानं किलोवर नेल्या. चौथी आईनं देऊ दिली नाही, आणि मग तिच्यावरच लोणच्याच्या बरण्या मांडल्या. नाना गेल्या वर्षी गेले. दिवाळीच्या साफसफाईत बरण्या उतरवल्या आणि मनात घेतलं, ही चालू करायचीच.

मशीन म्हणजे इथल्याच सुताराच्या हातचं प्लायवूडचं खोकं, वर लाल सनमायका, आत २० इंची टीव्हीची ट्यूब आणि तिचंच किट, म्हणजे तिला चालवणारं सर्किट. गेम मुस्तफा. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमचा, १९९३ चा. पण ते नाव आमच्या दुकानात कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. टोपीवाला गडी पळत येऊन लाथ घालायचा, त्याच्या नावानं अख्खा गेम ओळखला जायचा.

मागची फळी काढली. स्पीकरची वायर उंदरांनी खाल्लेली. जॉयस्टिक उघडली तर आत चमचाभर वाळू. आधी कळेना ही आली कुठून. मग आठवलं, वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला नाना दोन मशिनी बोरीच्या पात्रात नेऊन जनरेटरवर लावायचे. ती वाळू डबीत काढून ठेवली आहे. हसू नका.

फ्यूज बदलून चालू केली. चित्र आलं, पण माणसांच्या जागी रंगीत चौकोन, आणि चार-पाच मिनिटांनी गेम आपोआप पहिल्यापासून सुरू. मीटर लावून बघितलं तर एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, ५.१ व्होल्ट येत होते, म्हणून म्हटलं सप्लाय ठीक आहे, गेमचा बोर्डच गेला. गावातल्या एका दुकानात बोर्ड दिला. त्यांनी आठ दिवस ठेवून पाचशे घेतले, आणि परत आला तेव्हा दोन चिपांवरची स्टिकरं निघालेली, एक स्क्रू कमी, चौकोन तसेच. परवा संध्याकाळी मशीन चालू असताना ‘टप्’ आवाज झाला आणि आता पडद्याच्या मधोमध एकच आडवी पांढरी रेघ. वर-खाली सगळा अंधार.

आणखी एक. खोक्याच्या मागून पीळ घातलेल्या दोन बारीक वायरी निघतात, दहाएक फूट लांब, टोकं मोकळी. कशाच्या आहेत देव जाणे. एकमेकींना लागू नयेत म्हणून टेप गुंडाळली आहे.

बोर्डाचे फोटो खाली टाकले आहेत.

धुळ्याचा टीव्हीवाला

भाऊ, पहिले मशीन बंद कर. ती रेघ बघत बसू नको. सगळा झोत एकाच रेघेवर पडतो आणि ट्यूबच्या आतला लेप तिथे जळतो. मग चित्र आलं तरी मधोमध पट्टा राहून जातो, आणि ट्यूब आता कुठून आणशील? बघायचीच असेल तर ईएचटीला, म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरला, फिरवायचे दोन पॉट असतात, वरचा फोकस, खालचा स्क्रीन. खालचा कमी कर, रेघ जेमतेम दिसली पाहिजे.

मी १९८८ पासून टीव्ही उघडतो आहे. रेघ म्हणजे व्हर्टिकल गेलं, चित्र वर-खाली पसरवणारा भाग. ईएचटी जिवंत आहे, नाहीतर रेघसुद्धा दिसली नसती, म्हणजे महागातलं काही गेलेलं नाही. पत्र्याच्या हीटसिंकला स्क्रूनं आवळलेली एक आयसी असेल, तिचा नंबर वाच. या किटांत एलए ७८४० किंवा ७८४१ पुष्कळदा सापडते. पण लगेच बदलायला धावू नको. किट उलटं करून तिच्या पायांचे सोल्डरचे डाग भिंगातून बघ. तापून-निवून पायाभोवती केसासारखी गोल चीर पडते. जुना डाग ओढून घे आणि नवा मार, नुसतं वरून लिंपू नको. योकच्या, म्हणजे ट्यूबच्या मानेवरच्या कॉइलच्या, पिनाही तशाच बघ. मग आयसीला सप्लाय येतो का ते बघ, चोवीसच्या आसपास पाहिजे. नसेल तर ईएचटीकडून येणाऱ्या वाटेवरचा फ्युजिबल रेझिस्टर उडाला असेल. त्याच्या जागी तार लावणारे महाभाग मी पाहिले आहेत, तू लावू नको.

कंडेन्सर बदलशील तर १०५ डिग्रीवाले घे. दुकानदार ८५ चे देतो, दोन रुपये वाचतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद खोक्यात ते लवकर सुकतात.

हात घालायच्या आधी ट्यूबच्या कुशीतल्या रबरी टोपीखालचा करंट उतरव. वीस हजार व्होल्टच्या वरची गोष्ट आहे, मशीन बंद केल्यावरही राहतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरला वायर बांध, तिचं दुसरं टोक ट्यूबला बाहेरून आवळलेल्या तारेच्या वेणीला, मग पातं टोपीखाली सरकव. एक हात पाठीमागे. आणि पहिल्यांदा चालू करताना शंभर वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाक. भक्कन पेटून तसाच राहिला तर शॉर्ट आहे, क्षणभर पेटून मंद झाला तर बिनधास्त पुढे जा. मीटर शे ना तुनाजोडे? मंग घाबरस कसाले?

केळीवाला_जळगाव

एवढी झटापट कशाला भो? ट्यूब, किट, बोर्ड सगळं काढा, एलईडी आणि पँडोरा बॉक्स टाका. मुस्तफासकट शेकडो गेम. दोन तासांचं काम.

छप्पन्नपिनी (पुणे)

ट्यूबचं काकांनी सांगितलं, त्यात मी तोंड घालत नाही. बोर्डाचं सांगतो.

५.१ तुम्ही एसएमपीएसच्या स्क्रूवर मोजलेत. बोर्डावर मोजा. मशीन चालू ठेवून ७४ नं सुरू होणारी १४ पायांची एखादी चिप शोधा, तिचा ७ नंबरचा पाय सहसा ग्राउंड आणि १४ नंबरचा पाच व्होल्ट. या चिपांना ४.७५ च्या खाली चालत नाही. माझा अंदाज, तुमच्याकडे साडेचारच्या आसपास भरेल. चौकोन आणि पुन्हा पुन्हा सुरू होणं, दोन्ही तिथूनच येत असणार.

मधला अर्धा व्होल्ट कनेक्टर खातो. बोर्डाच्या कडेला सोनेरी पट्ट्या आहेत त्या जॅमाच्या, १९८५ मध्ये जपानी कंपन्यांच्या संघटनेनं ठरवलेली मांडणी. एका बाजूला २८, दोन्ही मिळून ५६. पहिल्या दोन ग्राउंड, ३ आणि ४ पाच व्होल्ट, मागच्या बाजूलाही तसंच. पाच व्होल्टचा सगळा करंट एवढ्यातूनच जातो. फोटोत तुमच्या ३ आणि ४ काळ्या पडलेल्या दिसतात. शाळेचं पांढरं खोडरबर घ्या, पट्टीच्या लांबीच्या दिशेनं घासा, मग आयसोप्रोपिलनं पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको, सोन्याचा मुलामा निघून जातो. आणि तोपर्यंत एसएमपीएसचा पॉट फिरवून व्होल्टेज वाढवू नका. बरेच जण तेच करतात, कनेक्टर आणखी तापतो.

कनेक्टरच जळला असेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा दिल्लीच्या लाजपतराय मार्केटला ‘३.९६ पिच, २८ बाय २’ असं सांगून मागा. गेमचं नाव घेतलंत की भाव वाढतो. लावताना ७ नंबरची खाच जुळवा. उलटा लागला तर बोर्ड गेला.

तुमचा बोर्ड कॅपकॉमचा नाही, नकली आहे. आवाजाला ओकेआय ६२९५ आणि शेजारी पीआयसी १६सी५७ दिसते. अस्सल बोर्डात आवाजाला क्यू-साउंड असतो आणि एक बॅटरी. ती बॅटरी संपली की गेमचं कुलूप उघडणाऱ्या आतल्या सांकेतिक किल्ल्या पुसल्या जातात आणि गेम सुरूच होत नाही. वीस वर्षं लोणच्याखाली काढून तुमचा अजून चौकोन का होईना दाखवतो, कारण त्यात बॅटरीच नाही.

स्टिकरं निघालेल्या चिपांना वर काचेची खिडकी असेल. त्या ईप्रॉम, म्हणजे गेम साठवलेल्या चिपा, अतिनील उजेडानं पुसल्या जातात. मात्र आठ दिवसांत दुकानातल्या ट्यूबलाइटनं काही होत नाही, त्याला तीनेक वर्षं लागतात. सरळ उन्हात मात्र आठवडा पुरतो. आजच काळी टेप लावून टाका. व्होल्टेज सुधारूनही चौकोन राहिले तर टीएल८६६ प्रोग्रामरवर चिपा वाचून मेममधल्या (जुने गेम संगणकावर चालवणारं सॉफ्टवेअर) चेकसमशी, म्हणजे पडताळणीच्या आकड्याशी, ताडून बघू. पुढचं पुढे.

बोरीकाठचा (अमळनेर)

मंडळी, रविवार सगळा यात गेला.

पुणेकर, बोर्डावर ४.५८ भरले! मुलीचं खोडरबर संपवलं. काळी धूळ निघाली आणि खालून पितळेसारखी चकाकी. ३ आणि ४ समोरच्या कनेक्टरच्या पत्त्या चिमट्यानं थोड्या उचलल्या, पाच व्होल्टची एक जाड वायर जादा टाकली. आता ४.९७. खिडक्यांना टेप लावली.

काका, तुम्ही म्हणालात ती चीर आयसीच्या दोन पायांना सापडली. उघड्या डोळ्यांना दिसली नाही, घड्याळजीकडून भिंग आणलं तेव्हा दिसली. एक पाय तर बोटानं हलत होता. जुना डाग ओढला, नवा मारला. फ्युजिबल रेझिस्टर शाबूत. टोपीखाली पातं सरकवताना माझे हात लटपटत होते, बारीक ‘चट्’ झालं, बस्स. मग सिरीजचा बल्ब लावला. तो भक्कन पेटला, माझा श्वास अडकला, आणि मग उतरला.

चित्र पूर्ण आलं. डावीकडे थोडं कललेलं आहे, पण चौकोन नाहीत. दोन तास चालू ठेवली, एकदाही पहिल्यापासून सुरू झाली नाही. बटणांतले तीन मायक्रोस्विच जळगावात मिळाले, दुकानदारानं कशाला हवेत तेही विचारलं नाही.

जळगावकर भाऊ, तुमचा उपाय सोपा आहे हे मान्य. पण त्या खोक्यात माझ्या कामाचं जे आहे तेच तुम्ही काढून टाकायला सांगता.

आता नवीनच अडचण. पडद्यावर ‘इन्सर्ट कॉइन’ येतं आणि खोक्याला नाणं टाकायची फटच नाही. पुढे-मागे, खाली वाकून, सगळीकडे बघितलं. मग लोक खेळायचे कसे? मी तेव्हा सहा-सात वर्षांचा, मला काही आठवत नाही.

नवीन_सदस्य_भुसावळ

खास यासाठी आज खातं उघडलं. मी १९९८ ते २००० प्रताप कॉलेजला होतो, मेसचे पैसे तुमच्याच दुकानात उडवले असावेत. स्टँडजवळ लाल मशिनी असलेलं दुसरं दुकान नव्हतं.

तुमचे वडील टेबलामागे बसायचे, डाव्या हाताला गल्ला. रुपया त्यांच्या हातात द्यायचा. ते तो टेबलावर एकदा आपटून आवाज ऐकायचे, मग टेबलाखाली हात घालून काहीतरी दाबायचे आणि इकडे मशीनमध्ये क्रेडिट पडायचं. फट ठेवली असती तर पोरांनी दोऱ्याला बांधून नाणं टाकलं असतं, गॅसचे लायटर टकटकवले असते. आम्ही दुसऱ्या गावात केले आहेत ते उद्योग, म्हणून सांगतो. तुमच्याकडे काही चालायचं नाही. शेवटच्या राक्षसाशी येऊन मेलो की मात्र ते कधीकधी न मागता एकदा दाबायचे.

त्या दोन वायरी टेबलाकडे जात असणार.

छप्पन्नपिनी (पुणे)

बरोबर. मीटर कंटिन्युटीवर ठेवा. एक वायर १६ नंबरला बीप देईल, ते कॉइन १. दुसरी ग्राउंडला. दोन्ही टेकवल्या तर काही जळत नाही, एक क्रेडिट पडतं. टेप काढा.

बोरीकाठचा (अमळनेर)

१६ नंबरच निघाली.

आईला विचारलं, टेबलाखाली नाना काय दाबायचे? ती काही न बोलता उठली आणि शिलाई मशीनच्या खणातून दारावरच्या घंटीचं बटण काढून आणलं. पांढरं बेकलाइटचं, मधली गोळी अंगठ्याच्या आकाराची झिजलेली. दुकान बंद केलं त्या दिवशी नानांनी तिच्याजवळ दिलं होतं म्हणे. स्क्रू घट्ट बसलेले, तेल सोडून अर्धा तास ठेवले. दोन वायरी आवळल्या आणि बटण आईच्याच हातात दिलं.

तिनं लगेच दाबलं नाही. हात पुढे केला आणि म्हणाली, “आते माले रुपया दे.”