मूळ संख्या की अविभाज्य संख्या?

प्रश्न : मोठ्या मूळ संख्यांवर लेख लिहितेय. त्यात एक वाक्य आहे : '२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे.' मैत्रिणीने वाचून विचारलं, 'मूळ म्हणजे? नंतर बदलली का?' मग 'अविभाज्य संख्या' लिहू का?

उत्तर : मैत्रिणीची शंका रास्त आहे. शाळेतली शाब्दिक उदाहरणं आठवा : 'अंकांची बेरीज ८. अंकांची अदलाबदल केल्यास येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा १८ ने मोठी.' उत्तर ३५. म्हणजे ५ गुणिले ७, ती कसली मूळ!

तरी मी 'मूळ'च ठेवेन. २०४७ फोडली की २३ आणि ८९ हाती येतात आणि तिथे फोड थांबते. कुठूनही सुरुवात करा, शेवटी हेच दोन अवयव. इतर संख्या ज्यांच्या गुणाकारातून उभ्या राहतात त्या मूळ, हा अर्थ मला फार नेमका वाटतो. शिवाय या शब्दाचं गोत मोठं आहे : मूळ अवयव, जोडमूळ (११ आणि १३), सहमूळ. ८ आणि १५ यांपैकी एकही मूळ नाही, पण १ सोडून सामाईक विभाजक नाही म्हणून जोडी सहमूळ. 'अविभाज्य'वरून असे सुटसुटीत शब्द घडवून बघा, जीभ अडखळते.

दुसरं उत्तर : सहमत, पण सिद्धतेबद्दल लिहिताना 'अविभाज्य' मला जवळचा वाटतो. तुमची संख्या म्हणजे २ चा ३१ वा घात वजा १. ऑयलरने १७७२ मध्ये ती मूळ असल्याचं दाखवलं, ते भागून भागूनच. मात्र वाटेल त्या संख्येने नव्हे. तिला मूळ विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३च उरायला हवी, आणि तपासायचं फक्त वर्गमुळापर्यंत, म्हणजे ४६३४० पर्यंत. पहिला उमेदवार ३११ : बाकी ३५. पुढचा थेट १३०३. प्रत्येक वेळी बाकी उरतेच. इथे 'कशानेच भाग जात नाही' हे साधं वाक्य सगळ्यांत उत्तम.

संदिग्धता टाळायला 'मूळसंख्या' असं जोडून लिहा. 'मूळसंख्येचा' म्हटलं की 'आधीची' हा अर्थ डोक्यात येत नाही.

आणि 'आकडे' व 'अंक' यांची गल्लत नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली, २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ ही मूळसंख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे. 'इतक्या आकड्यांची' असं बोलताना चालतं, लेखात 'अंकी'च हवं.

प्रश्नकर्ती : जोडून लिहिते. वाक्य आता असं : '२१४७४८३६४७ ही मूळसंख्या आहे, १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही.' मैत्रिणीला पुन्हा वाचायला दिलं. या वेळी तिने विचारलं, '३११ पासूनच सुरुवात का?'