मदत हवी आहे : ब्राउझरमधली कोणती एक्स्टेन्शन्स ठेवावीत आणि कोणती काढावीत?

नमस्कार,

मी भाषांतराचे आणि मुद्रितशोधनाचे काम करते. दिवसाचा बराचसा वेळ ब्राउझर उघडाच असतो. कामाचे मसुदे त्यातच तपासले जातात, ईमेल त्यातच येते आणि बँकेचे व्यवहारही तिथूनच होतात. सध्या मी क्रोम वापरते. त्यात जाहिराती अडवणारे, पासवर्ड सांभाळणारे, शुद्धलेखन आणि व्याकरण तपासणारे, पानाची पार्श्वभूमी काळी करणारे आणि न वापरलेले टॅब झोपवून ठेवणारे (म्हणजे मेमरी वाचवण्यासाठी तात्पुरते थांबवणारे) अशी एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे पूरक प्रोग्रॅम, आहेत. यांतले एकही निरुपयोगी नाही, आणि म्हणूनच निर्णय अवघड झाला आहे. ‘सगळी काढून टाका’ किंवा ‘इतकी काळजी कशाला’ अशा उत्तरांपेक्षा, प्रत्येक एक्स्टेन्शनचा फायदा आणि त्याबदल्यात आपण देत असलेली मुभा यांचा मेळ कसा घालावा, याविषयी जाणकारांचे मत मला हवे आहे. माझा विचार कुठवर आला आहे ते आधी सांगते, म्हणजे चूक असेल तिथे आपल्याला दाखवता येईल.

माझी मुख्य अडचण परवानग्यांची आहे. वरीलपैकी बहुतेक एक्स्टेन्शन्स बसवताना ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी परवानगी मागतात. संकेतस्थळापासून ब्राउझरपर्यंतचा प्रवास सांकेतिक रूपात होत असला, तरी ब्राउझरमध्ये पोहोचल्यावर मजकूर उलगडलेला असतो, आणि एक्स्टेन्शन तो उलगडलेला मजकूर पाहते. म्हणजे पत्त्याच्या पट्टीतले कुलूप इथे कामाचे नाही. खात्यातली शिल्लक, टाइप केलेला पासवर्ड, कोणीतरी विश्वासाने पाठवलेला अप्रकाशित मसुदा, सगळे त्याच्या नजरेच्या टप्प्यात येते. पण पार्श्वभूमी काळी करणाऱ्या एक्स्टेन्शनला प्रत्येक पानाचे रंग बदलायचे असतील, तर ही परवानगी मागण्यावाचून त्यालाही पर्याय नाही. त्यामुळे मोठी परवानगी मागितली म्हणजे हेतू वाईट, असे म्हणता येत नाही, आणि केवळ परवानग्या पाहून चांगले-वाईट निवडताही येत नाही.

दुसरी अडचण मला त्याहून गंभीर वाटते. ज्या एक्स्टेन्शनवर आपण आज विश्वास ठेवतो ते उद्याही त्याच हातांत असेल, याची हमी कोणी देत नाही. टॅब झोपवणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अनेक वर्षे लोकांनी ते निर्धास्तपणे वापरले, २०२० मध्ये मूळ विकसकाने ते विकले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचे कारण देऊन गूगलने ते काढून टाकले. संकेतस्थळांचे रूप बदलून देणारे ‘स्टायलिश’ वापरकर्त्यांचा भेटींचा इतिहास आपल्या सर्व्हरकडे पाठवत असल्याचे २०१८ मध्ये उघड झाले. कोणते संकेतस्थळ विश्वासार्ह आहे हे सांगणारे ‘वेब ऑफ ट्रस्ट’ आपल्याच वापरकर्त्यांची माहिती विकत असल्याचे जर्मन प्रसारणसंस्थेच्या पत्रकारांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या माहितीसुरक्षेचेच काम करणाऱ्या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला फसवा ईमेल पाठवून चोरट्यांनी तिच्या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती क्रोमच्या दुकानात चढवली. कुठे मालक बदलला, कुठे कमाईचा मार्ग बदलला, कुठे चोरी झाली. पण या सर्व प्रकारांत वापरकर्त्याने नवे काहीही केले नव्हते. अपडेट आपोआप आले. नव्या आवृत्तीला जादा परवानगी लागत नसेल, तर ब्राउझर आपल्याला काही विचारतही नाही.

तरीही दुसरी बाजू मला हलकी वाटत नाही. जाहिरातींच्या जागेतून फसवी पाने पसरवली जातात. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने शोधयंत्रांतल्या बनावट जाहिरातींविषयी सावध करताना जाहिरातरोधक एक्स्टेन्शन वापरण्याचा सल्ला दिला होता. पासवर्ड मॅनेजर संकेतस्थळाचा पत्ता अक्षरशः जुळवून पाहतो. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल समोर आली तर माणूस फसेल, पण मॅनेजर तिथे पासवर्ड सुचवणार नाही. या दोन गोष्टी काढून टाकल्या तर मी अधिक सुरक्षित होईन की कमी, हे मला ठरवता येत नाही. उलट टॅब झोपवण्याची सोय आता क्रोममध्येच आहे, त्यामुळे ते एक्स्टेन्शन काढण्याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. संकेतस्थळांशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक रूपातच व्हावी हे पाहणारे ‘एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर’ हे चांगले एक्स्टेन्शन त्याच्या निर्मात्यांनी याच कारणाने निवृत्त केले होते. ब्राउझरच ते काम करू लागले होते.

जाहिरातरोधकाबाबत आणखी एक गुंता आहे. क्रोमने एक्स्टेन्शन्स बांधण्याची मॅनिफेस्ट व्ही टू ही जुनी पद्धत २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली आणि तिच्याबरोबर यूब्लॉक ओरिजिन या जाहिरातरोधकाची मूळ आवृत्तीही क्रोममध्ये चालेनाशी झाली. नव्या पद्धतीत एक्स्टेन्शनने नियमांची यादी ब्राउझरच्या हवाली करायची आणि प्रत्यक्ष अडवणूक ब्राउझरने करायची, असे आहे. एवढ्यासाठी पान वाचण्याची परवानगी लागत नाही, हा मला खरोखरीचा लाभ वाटतो. पण नियमांच्या संख्येवर आणि प्रकारांवर मर्यादा येतात आणि रोधकाची धार कमी होते. फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरमध्ये जुनी, अधिक समर्थ पद्धत अजून चालते.

तेव्हा मला विचारायचे आहे ते असे. मालक बदलला किंवा वागणूक बदलली, हे सामान्य वापरकर्त्याला वेळीच कळण्याचा काही मार्ग आहे का? बँकेसाठी वेगळे प्रोफाइल (त्याच ब्राउझरमधला स्वतंत्र सेटिंग आणि एक्स्टेन्शन्स असलेला विभाग) करणे पुरेसे आहे का, की तो केवळ मनाचा दिलासा आहे? जाहिरातरोधकासाठी ब्राउझर बदलावा का? आणि दुसऱ्यांचे अप्रकाशित मसुदे हाताळणाऱ्या व्यक्तीने व्याकरण तपासणारे एक्स्टेन्शन वापरावे का? शेवटच्या प्रश्नावर मी सर्वाधिक अडले आहे, कारण तिथे धोका माझ्या एकटीचा नाही.

प्रतिसाद १

आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. व्याकरण तपासणारी बहुतेक एक्स्टेन्शन्स मजकूर आपल्या यंत्रावर तपासत नाहीत. तो कंपनीच्या सर्व्हरकडे जातो, तिथे तपासला जातो आणि सूचना परत येतात. कंपनी पूर्णपणे प्रामाणिक असली, तरी मसुदा आपल्या ताब्यातून बाहेर गेला हे खरेच असते. लेखकाने किंवा प्रकाशकाने तशी मुभा दिलेली नसेल, तर आपण ती परस्पर देऊ शकत नाही. म्हणून माझे मत ठाम आहे : कामाच्या प्रोफाइलमधून ते काढावे. क्रोमच्या शुद्धलेखन तपासणीतही दोन पर्याय असतात. मूलभूत तपासणी यंत्रावरच होते, तर ‘वर्धित’ पर्याय निवडल्यास टाइप केलेला मजकूर गूगलकडे जातो. मूलभूत पर्याय निवडला आहे ना, हे एकदा सेटिंगमध्ये पाहून घ्यावे. फायरफॉक्समध्ये शब्दकोश वेगळे बसवता येतात. त्या केवळ शब्दांच्या याद्या असतात आणि तपासणी जागच्या जागी होते. सूचना कमी मिळतील हे मान्य, पण मुद्रितशोधन आपण स्वतः करता, तेव्हा ही उणीव आपल्याला फारशी भासू नये.

वेगळे प्रोफाइल हा नुसता दिलासा नाही. एक्स्टेन्शन ज्या प्रोफाइलमध्ये बसवले आहे त्याच प्रोफाइलमधली पाने त्याला दिसतात. बँकेसाठी असे प्रोफाइल करावे की ज्यात एकही एक्स्टेन्शन नसेल, आणि त्यात बँकेखेरीज काही उघडू नये. यंत्रातच घातक प्रोग्रॅम शिरला असेल तर या भिंतीचा उपयोग नाही, पण तो वेगळा धोका आहे.

जे एक्स्टेन्शन ठेवायचे असेल त्याचा वावर मर्यादित करता येतो, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. क्रोममध्ये प्रत्येक एक्स्टेन्शनच्या तपशिलात संकेतस्थळांवरील प्रवेशाची निवड असते : क्लिक केल्यावरच, ठरावीक संकेतस्थळांवर, किंवा सर्व संकेतस्थळांवर. काळ्या पार्श्वभूमीचे एक्स्टेन्शन आपण ज्या चार ठिकाणी तासन्‌तास वाचत बसता तिथेच चालू ठेवले, तर फायद्यात काहीच घट होत नाही आणि ईमेलची खिडकी त्याच्या नजरेबाहेर राहते. आपण ‘ठेवावे की काढावे’ असे विचारता. माझ्या मते बहुतेक वेळा योग्य प्रश्न ‘कुठे चालू द्यावे’ हा असतो.

मालक बदलल्याची सूचना मात्र ब्राउझर देत नाही. दुकानातल्या पानावर विकसकाचे नाव आणि संपर्क पाहता येतो, गोपनीयतेच्या निवेदनातला बदल पाहता येतो, पण कोणी रोज ते पाहत बसणार नाही. स्रोत, म्हणजे मूळ कोड, सर्वांना पाहायला खुला आहे एवढ्यावरही विसंबू नये. ग्रेट सस्पेंडरचा स्रोतही सर्वांसाठी खुला होता, तरी दुकानातल्या आवृत्तीत त्यापेक्षा वेगळा कोड होता. फायरफॉक्सच्या ‘शिफारस केलेल्या’ यादीतली एक्स्टेन्शन्स फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची माणसे तपासतात, म्हणून ती यादी मला अधिक भरवशाची वाटते. जाहिरातरोधकाविषयीही माझा कल त्याच बाजूला आहे : रोजच्या वाचनासाठी फायरफॉक्स आणि पूर्ण यूब्लॉक ओरिजिन, आणि क्रोम वापरायचेच असेल तर त्याची ‘लाइट’ आवृत्ती.

प्रतिसाद २

पासवर्ड मॅनेजर काढू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पत्ता जुळवून पाहण्याचा जो फायदा आपण सांगितला आहे तो फार मोठा आहे. फक्त पान उघडताच आपोआप भरण्याची सोय बंद ठेवावी आणि स्वतः सांगितल्यावरच भरू द्यावे. ऑगस्ट २०२५ मध्ये अनेक नामांकित पासवर्ड मॅनेजरांवर एक हल्ला दाखवला गेला : घातक पान मॅनेजरची चौकट अदृश्य करते आणि वापरकर्त्याचा क्लिक तिच्यावर पडेल अशी मांडणी करते. त्यावर क्रोमसारख्या ब्राउझरांत सुचवलेला एक उपाय म्हणजे वर आलेलाच, ‘क्लिक केल्यावरच’ प्रवेश देण्याचा. एक्स्टेन्शन टाळून ब्राउझरचीच पासवर्डची सोय वापरावी असेही काही जण सुचवतील. ती वाईट नाही, पण पानावर भरला गेलेला पासवर्ड पान वाचू शकणारे दुसरे एक्स्टेन्शन वाचू शकतेच, हे त्यांनी लक्षात घ्यावे.

धागाकर्ती

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘कुठे चालू द्यावे’ या दृष्टीने मी विचारच केला नव्हता, आणि त्यामुळे बरेच सुटे झाले. व्याकरणाचे आणि टॅबचे एक्स्टेन्शन काढते आहे, काळ्या पार्श्वभूमीचे वाचनाच्या संकेतस्थळांपुरते ठेवते आहे आणि बँकेसाठी कोरे प्रोफाइल करते आहे. वाचनासाठी फायरफॉक्सही बसवेन.

एक शंका राहिली आहे. माझ्या दुसऱ्या यंत्रावर त्याच खात्याने क्रोम चालू आहे आणि सिंक (एका खात्याच्या सर्व यंत्रांवरची सेटिंग आपोआप जुळवून ठेवण्याची सोय) सुरू आहे. इथे केलेले बदल तिथे जातील का, आणि तिथले पुन्हा इथे येतील का?

प्रतिसाद १

एक्स्टेन्शन्सचे सिंक सुरू असेल तर बसवलेले आणि काढलेले दोन्ही त्याच खात्याच्या प्रोफाइलमध्ये दुसऱ्या यंत्रावर पोहोचते. म्हणून बँकेच्या प्रोफाइलला ते खाते जोडूच नये. ते खात्याविना, त्या यंत्रापुरतेच ठेवावे. कामाच्या प्रोफाइलमध्ये सिंकच्या सेटिंगमधून फक्त एक्स्टेन्शन्सचा पर्याय बंद करता येतो, आणि तो बंद करून मग दोन्ही यंत्रांवर एकेक यादी स्वतः तपासावी. तपासताना बंद करून ठेवलेली एक्स्टेन्शन्सही काढून टाकावीत, कारण एका क्लिकने ती पुन्हा चालू होतात आणि जुन्या परवानग्या तशाच शाबूत असतात.