मुलांच्या हाती दिलेला पहिला कॅमेरा: तुमचे अनुभव सांगा

माझी लेक नववीत आहे. आम्ही कोल्हापूरजवळ कळंब्याला राहतो. पहाटे तलावावर जायचं आणि माझा फोन घेऊन पक्ष्यांचे फोटो काढायचे, हे वर्षभर चाललंय. फोटोत पक्षी तिळाएवढा दिसतो, आणि फोन हातात आला की त्यात बाकीचंही बरंच येतं. म्हणून वेगळा कॅमेरा घ्यायचं ठरवलंय. पंधरा हजारांच्या वर जायची ऐपत नाही, आणि तिच्या हातून वस्तू पडतात हेही खरं आहे. तुम्ही आपल्या पोरांना पहिला कॅमेरा कोणता दिलात, तो किती टिकला आणि कशानं बिघडला, हे कृपया सविस्तर लिहा. दुकानदाराचं ऐकून झालंय, आता घराघरांतलं ऐकायचंय.

मंगळवार पेठेतून

ताई, आधी आमची चूक सांगतो. मुलाच्या पंधराव्या वाढदिवसाला खिशात मावणारा, चपटा, चकचकीत कॅमेरा घेतला. चालू केला की लेन्स बाहेर यायची, बंद केला की आत. चैत्रात जोतिबाला गेलो. सासनकाठ्या नाचत होत्या, गुलाल-खोबरं उधळलं जात होतं, पोरगं बेभान होऊन फोटो काढत होतं. घरी आल्यावर बटण दाबलं तर लेन्स अर्धी बाहेर आली, कर्रऽऽ असा आवाज झाला आणि तिथंच अडकली. लेन्सच्या नळीच्या कडेनं गुलालाची गुलाबी रेघ दिसत होती. दुरुस्तीचा खर्च जवळपास कॅमेऱ्याच्या किमतीएवढाच सांगितला. पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही.

यात कॅमेऱ्याचा दोष नाही. आत-बाहेर करणाऱ्या नळीला बारीक पूड चालत नाही. गुलाल असो, वाळू असो, तालमीतली माती असो, एक कण फटीत गेला की मोटर अडकते. कॅमेरा पारदर्शक पिशवीत घालून, लेन्सपुरतं भोक पाडून, भोकाच्या कडा रबर बँडनं लेन्सभोवती आवळल्या असत्या तर तो वाचला असता. तरी उधळण सुरू असताना नळीचा कॅमेरा बाहेर काढूच नये, असं माझं मत आहे.

शाहूपुरीतून

आम्ही जुना डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा घेतला आणि आजही समाधानी आहोत. लग्नाचे फोटो काढणारी बरीच मंडळी आता मिररलेसकडे, म्हणजे बिनआरशाच्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळली आहेत, त्यामुळे त्यांचे जुने कॅमेरे बाजारात येतात. आम्हाला निकॉन डी३४०० साडेतेरा हजारांना मिळाला, सोबत १८-५५ची लेन्स. २४ मेगापिक्सेलचा आहे, आणि बॅटरी एका चार्जवर हजारावर फोटो देते असं कंपनी सांगते. मुलाची अख्खी सहल एका चार्जवर निघते.

घेताना जे पाहिलं ते लिहितो, कारण फसवणूक इथंच होते.

सगळ्यात आधी शटर, म्हणजे फोटो काढताना उघडझाप करणारा पडदा, किती वेळा उघडलंय ते बघा. निकॉनमध्ये ही संख्या फोटोच्या माहितीतच नोंदलेली असते, संगणकावर वाचता येते. या श्रेणीतल्या कॅमेऱ्याचं शटर साधारण लाखभर क्लिकांचं धरतात. आमचा एकवीस हजारांवर होता. लग्नसराईत घासलेला नव्वद हजारांवरचा कॅमेरा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. मग लेन्स काढून मोबाईलची टॉर्च मागच्या बाजूनं धरा आणि पुढून तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी. लेन्स परत बसवून तिचं उजेड आत सोडणारं छिद्र अगदी लहान, एफ-१६ वर ठेवा आणि मोकळ्या आभाळाचा फोटो काढा. काळे ठिपके आले तर सेन्सरवर, म्हणजे आतल्या फोटो टिपणाऱ्या भागावर, धूळ आहे. ती साफ होते, पण भाव कमी करून मागा. चार्जर मूळचा आहे का आणि बॅटरी फुगलेली नाही ना, हेही तपासा.

या कॅमेऱ्याच्या अंगात फोकसची मोटर नाही, हे मात्र आम्हाला नंतर कळलं. काकांनी प्रेमानं दिलेली जुनी ५० एमएम लेन्स बसली, पण फोकस हातानंच करावा लागतो. मुलगा आता तेच शिकलाय.

गगनबावड्याहून

आमच्याकडे पाऊस कसा पडतो हे सांगायला नको. मुलीचा कॅमेरा जूनमध्ये चामडी केसात घालून कपाटात ठेवला, दसऱ्याला काढला. लेन्सच्या आत बुरशी. साफ करून आणली, पण काचेवरचा थर खाल्लेला होता तो गेलाच, उजेडाकडे बघून काढलेला फोटो धुरकट येतो. आता घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवतो. पुड्या रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे ओल शोषून भरल्या की कळतं. आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा पोराला कॅमेरा वापरायला लावा. वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

पंचगंगा घाटाजवळून

आमची दोन्ही मुलं पोहणारी, म्हणून वॉटरप्रूफ घेतला. १० मीटर पाण्याखाली आणि १.८ मीटरवरून पडला तरी चालणारा. घाटाच्या पायरीवर दोनदा आपटला, काही झालं नाही. तिसऱ्या वर्षी बॅटरीचं दार लावताना रबरी कडेवर एक केस राहिला. एकच केस! त्यातून पाणी आत गेलं. दर वेळी दार लावण्याआधी कड बोटानं आणि मऊ फडक्यानं पुसायची सवय लावा. उन्हातला फोटो सुंदर येतो, पण सेन्सर नखाएवढा असल्यानं रात्रीची गणपतीची मिरवणूक मात्र पुसटच येते. ज्याला रात्रीचं वेड आहे त्याला हा देऊ नका.

गंगावेशीतून, कॉलेजात शिकणारा

काकू, मी स्वतःच तो पोरगा आहे म्हणून लिहितोय. मला मामानं त्याचा जुना, पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा दिला. १० मेगापिक्सेल, बस्स. पण त्यानंच मला शिकवलं. तालमीत वस्तादांना विचारून कोपऱ्यात उभा राहायचो. पोरं मातीत लढत असायची आणि वरच्या झरोक्यातून एक उजेडाची पट्टी पडायची. ती पट्टी पाठीवर येईपर्यंत थांबायचं, हे मला कुठल्या फोननं शिकवलं नसतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या कॅमेऱ्याला ६४ जीबीचं कार्ड बहुतेक चालत नाही, ३२ किंवा त्याहून लहान घ्या, आणि फार जुना असेल तर २ जीबीच्या वरचंही घेत नाही. काही जुन्या मॉडेलांना एक्सडी नावाचं वेगळंच कार्ड लागतं, ते शोधत फिरावं लागेल, तसला घेऊच नका. आणि साधे सेल टाकू नका, वीस फोटोंत बसतात. रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइडचे चार सेल आणि चार्जर घ्या, वर्षानुवर्षं पुरतात.

निवृत्त चित्रकला शिक्षक, शिवाजी पेठ

कॅमेरा पोरीच्या हातात देऊनच निवडा. पकडल्यावर तिचं बोट आपोआप बटणावर जातं का, एवढं बघा. पैशातले हजार-दीड हजार पट्टा, कार्ड आणि डब्यासाठी बाजूला ठेवा. पट्टा गळ्यात असेल तर निम्मे अपघात होतच नाहीत. आणि पडला तर ओरडू नका. माझ्या वर्गातली जी मुलं वस्तू जपायच्या धाकात वाढली, त्यांनी कॅमेरा कपाटातच ठेवला.

तिला एकदा खरी कॉर्नर नावाच्या चौकात घेऊन जा. तिथला कॅमेऱ्याचा स्तंभ दाखवा आणि सांगा, बाबूराव पेंटरांनी शंभरावर वर्षांपूर्वी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी घडवला. चित्रकार माणूस होता तो.

धागा काढणारी, कळंब्याहून

सगळ्यांचे मनापासून आभार. पक्ष्यांसाठी लांबचं दिसणं महत्त्वाचं, आणि डीएसएलआरला तेवढी लांब लेन्स आमच्या पैशात बसत नव्हती. म्हणून शेवटी जुना निकॉन बी५०० घेतला, ४० पट झूम, पेन्सिल सेलवर चालणारा. साडेदहा हजारांना मिळाला. नळी आत-बाहेर होणारीच आहे, त्यामुळे जोतिबाला तो घरी राहणार, हे लेकीनं स्वतः कबूल केलंय. टॉर्च लावून लेन्स पाहिली, स्वच्छ होती. काही महिन्यांपूर्वी घेतलेलं ६४ जीबीचं कार्ड त्याला चालतं हेही दुकानातच तपासलं. पट्टा तिच्या आजीनं जुन्या नऊवारीच्या काठाचा शिवून दिला.

काल पहाटे साडेसहाला तलावाच्या बांधावर बसलो. खंड्या विजेच्या तारेवर होता. पूर्ण झूमवर हात हलतो, म्हणून तिनं कॅमेरा माझ्या खांद्यावर टेकवला आणि म्हणाली, "आई, श्वास घेऊ नकोस." पंधरा-वीस फोटो हलले. एकात खंड्याच्या चोचीतली मासोळी आणि तिचा खवला चमकलेलाही दिसतोय. आज शाळेतून आल्या आल्या तिनं आधी सेल चार्जिंगला लावले.