डॅन हिक्स आणि हॉट लिक्स: ड्रमशिवाय ती लय कशी धरायची?

प्रश्न (तालवेडा): ब्रिटिश गायक थॉमस डॉल्बीचं १९८४ चं 'आय स्केअर मायसेल्फ' ऐकून डॅन हिक्स आणि हॉट लिक्स या अमेरिकन बँडच्या मूळ गाण्यापर्यंत पोहोचलो. या बँडची कुठली रेकॉर्डिंग आधी ऐकावीत? आणि गिटारवर स्विंग (जॅझमधला झोकदार ठेका) वाजवताना माझा ठेका लोकगीतासारखा का लागतो?

सहावी तार: हे गाणं १९६९ च्या पहिल्या अल्बममध्ये आहे, पण १९७२ च्या 'स्ट्रायकिंग इट रिच'मधलं आधी ऐका. सिड पेजचं व्हायोलिन हळूहळू कसं पेटत जातं ते बघा! हिक्स मुळात ड्रमर, म्हणूनच ड्रम नसतानाही ताल पक्का.

ठेक्याचं म्हणाल तर बहुतेक वेळा दोष डाव्या हाताचा असतो. कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर) वाजला की बोटं उचलायची नाहीत, फक्त दाब सोडायचा. चार मात्रांपैकी २ आणि ४ या तुटक, जोरकस. मोकळ्या तारा असलेले कॉर्ड घेऊ नका, त्या डाव्या हाताने दबत नाहीत आणि घुमत राहतात. ए मायनर सिक्ससाठी सहावी तार पाचव्या पडद्यावर, चौथी चौथ्यावर, तिसरी-दुसरी पाचव्यावर. पाचवी तार मधल्या बोटाच्या टोकाने हलकेच स्पर्श करून मुकी करा, पहिली वाजवूच नका.

मात्रा_दोन_चार: मिनिटाला १६० मात्रांची लय हवी असेल तर मेट्रोनोम ८० वर लावा आणि टिकटिक २ व ४ वर धरा. सुरुवातीला सारखी १ वर घसरते, तेव्हा लय आणखी कमी करा. मात्र 'आय स्केअर मायसेल्फ' सरळ स्विंग नाही, लॅटिन वळणाचं आहे. सरावाला त्यांचं दुसरं गाणं घ्या.