जुन्या मोटारीचे हेड गॅस्केट घरी बदलावे का?

प्रश्न (नागपूर): माझ्या जुन्या पेट्रोल मोटारीतील कूलंट बाहेर कुठेही न गळता कमी होते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतो. हेड गॅस्केट (एंजिनचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे झाकणासारखे हेड यांमधील सील) घरीच बदलता येईल का?

उत्तर १: येईल, परंतु खरी चिंता गॅस्केटपेक्षा हेडची आहे, कारण अ‍ॅल्युमिनियमचे हेड अतितापाने वाकते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेलेला असताना वाहतुकीत अडकलेले एंजिन लवकर तापते. हेड उतरवल्यावर त्यावर पोलादी सरळपट्टी लांबीत व दोन्ही कर्णांवर ठेवून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाने) फट मोजावी. ती मॅन्युअलमधील मर्यादेपेक्षा जास्त असल्यास फेसिंग (यंत्रावर पृष्ठभाग घासून सपाट करणे) करून घेतल्याशिवाय नवे गॅस्केट कृपया बसवू नका.

उत्तर २: पूर्ण सहमत. बोल्ट एंजिन थंड असतानाच सोडावेत. आवळताना मात्र मधून बाहेर जात, टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) टप्प्याटप्प्याने आवळावेत. टायमिंगच्या खुणा (क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा मेळ दाखवणाऱ्या) आधीच जुळवून ठेवाव्यात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. टॉर्क रेंच भाड्याने आणतो. आणखी काही तपासावे का?

उत्तर १: रेडिएटर, त्याचा पंखा, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणारी झडप) आणि वॉटर पंप अवश्य तपासा, मूळ कारण तसेच राहिले, तर नवे गॅस्केटही जळेल.